अंगाने भारी असाल तर कयाकिंगसाठी लाइफ जॅकेट कसं निवडायचं

मी पहिल्यांदा कयाकमध्ये, म्हणजे बसून वल्ह्याने (पॅडलने) चालवायच्या अरुंद होडीत, बसले ती देवबागला, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या खाडीत. वजन तेव्हा १०६ किलो आणि छाती ५० इंच. किनाऱ्यावर केशरी जॅकेटांचा ढीग पडलेला, त्यातली तीन घालून बघितली, एकाचंही पुढचं बकल लागेना, मागे लोक थांबलेले, शेवटी कयाक देणारे दादा म्हणाले ताई राहू दे, नुसतं अडकवा, पाणी कमरेएवढंच आहे. मी पण संकोचापायी काही बोलले नाही आणि तसंच उघडं जॅकेट घालून बसले. दहाएक मिनिटांनी बाजूने एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेने कयाक कलली आणि मी पाण्यात. जॅकेट तरंगलं, अगदी छान तरंगलं, पण मला घेऊन नाही, ते सरळ खांद्यावरून वर सरकून कानांच्याही वर गेलं आणि माझे दोन्ही हात ते खाली ओढण्यातच अडकले, ना कयाक धरता आली ना पॅडल. पाणी खरंच कमरेएवढं होतं म्हणून पाय टेकवून उभी राहिले. थोडं पुढे गेलो असतो तर पाय टेकले नसते.

तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतलाय, आणि वजनदार माणसांना जे कुणी नीट सांगत नाही ते सगळं इथे लिहितेय, बायका-पुरुष दोघांसाठी.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. वजन जास्त म्हणजे तरंगवायला जास्त ताकदीचं जॅकेट लागणार असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटायचं. पण पाण्यात उतरल्यावर शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलतं, जॅकेटला फक्त नाकतोंड पाण्याच्या वर राहील एवढाच उरलेला भार उचलायचा असतो. साधारण मोठ्या माणसाला त्यासाठी ३ ते ५ किलोची जादा उचल पुरते. आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे पोट सुटलेला १२० किलोचा माणूस कित्येकदा ७० किलोच्या काटक पैलवानापेक्षा सहज तरंगतो. समुद्राचं पाणी खारट म्हणून अजून थोडी मदत करतं. तेव्हा दुकानदार "तुमच्या वजनाला चालणार नाही" म्हणाला तर त्याला विचारा की अडचण उचलीची आहे की मापाची, कारण नव्वद टक्के वेळा जॅकेट तुम्हाला तरंगवू शकत असतं, फक्त ते तुमच्या अंगाला बसत नसतं. आणि न बसणारं जॅकेट काय करतं ते वर सांगितलंच.

म्हणून निवड करायची ती छातीच्या मापावर. मोठ्या माणसांच्या कयाकिंग जॅकेटचे साइझ छातीच्या घेरावर ठरतात. लेबलवर वजनही लिहिलेलं असतं ते जरूर वाचा, पण युरोपियन पद्धतीच्या लेबलवर बऱ्याचदा "७०+ किलो" असं असतं, म्हणजे सत्तरच्या पुढे कितीही, वरची मर्यादा नाही. एखाद्या लेबलवर ९० किलोपर्यंत असं स्पष्ट लिहिलं असेल आणि तुम्ही ११० असाल तर मात्र ते घेऊ नका, बनवणाऱ्याने तेवढ्याचीच हमी दिलेली असते.

लेबलवर अजून एक आकडा असतो, न्यूटन. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोची उचल. ५० न्यूटनवाल्याला खरं तर बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला नुसती मदत करणारं, म्हणतात, त्याचं माप आयएसओ १२४०२-५ या नियमात आहे, आणि ते पोहता येणाऱ्या, किनाऱ्याजवळ असलेल्या, मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे. अंगाला सुटसुटीत असतं, हात मोकळे राहतात म्हणून जगभर कयाकवाले हेच घालतात. अमेरिकेत टाइप ३ म्हणून मिळतं त्याची उचल किमान १५.५ पाउंड, म्हणजे साधारण ७० न्यूटन. १०० किंवा १५० न्यूटनवाली जॅकेटं मानेमागे कॉलर असलेली, माणसाला उताणं फिरवून तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेली असतात, ती घालून तासभर पॅडल मारणं फार अवघड जातं. पण इथे प्रामाणिकपणे सांगते, ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी ५० न्यूटन घालून खुल्या पाण्यात जाऊ नये, एक तर शांत उथळ पाण्यात सोबत जाणकार माणूस घेऊन जा नाहीतर थोडा त्रास सोसून १०० वालं घाला. हवा भरून फुगणारी पातळ बेल्टसारखी जॅकेटं बघून आपल्यासारख्यांना फार मोह होतो कारण ती कुणालाही होतात, पण ती फुगेपर्यंत त्यांची उचल शून्य असते, हाताने दोरी ओढावी लागते, आणि आपोआप फुगणारं असेल तर कयाकमध्ये नुसतं पाणी उडालं, भिजलं की नको तेव्हा फुगू शकतं. पहिल्या जॅकेटसाठी ते नकोच, फोमचंच घ्या.

आता माप कसं घ्यायचं. शिंप्याकडे असते ती टेप घ्या, लोखंडी नाही. पाण्यात जाताना जे कपडे घालणार तेच घाला. छातीचा घेर काखेखालून, छाती सगळ्यात भरलेली असते तिथून, श्वास भरून घ्या, म्हणजे श्वास घेतलेला असताना मोजा, सोडलेला असताना नाही. बायकांनी त्या दिवशी घालणार तीच ब्रा घालून मोजा, स्पोर्ट्स ब्राने माझ्या मापात दीड इंचाचा फरक पडतो. मग पोटाचा घेर दोनदा मोजा, एकदा उभं राहून आणि एकदा जमिनीवर पाय पसरून बसून. बसल्यावर पोट पुढे आणि वर येतं, आणि कयाकमध्ये आपण बसलेलेच असतो, पण हे दुसरं माप कुणीच घेत नाही. तिसरं, बसलेलं असतानाच खांद्यापासून मांडीपर्यंतची उंची. माझी ही उंची कमी आहे, त्यामुळे लांब जॅकेट खालून मांडीवर टेकतं आणि वर हनुवटीत घुसतं.

शर्टाच्या साइझवर मात्र जाऊ नका. एका कंपनीचं एक्सएल दुसरीचं मोठं एल असतं, शर्ट ३एक्सएल लागतो म्हणून जॅकेटही तेवढंच असं काही नाही, प्रत्येक कंपनीचा इंचातला तक्ता बघायचा. आणि तुमचं माप दोन साइझच्या काठावर येत असेल तर ज्या साइझच्या मधोमध तुम्ही बसता तो घ्या. समजा छाती ५० आहे, एक साइझ ४४ ते ५० आणि दुसरा ४८ ते ५४, तर दुसरा, कारण पहिल्यात पट्टे पूर्ण सोडूनच तुम्ही जेमतेम मावणार आणि आत एक टीशर्ट जास्त घातला की संपलं. उगीच सैल असावं म्हणून त्याहून मोठं पण घेऊ नका, ढगळ जॅकेट आणि उघडं जॅकेट पाण्यात सारखंच वागतं.

इथपर्यंत आकडे झाले, पण ५० इंच छातीची चार माणसं चार आकाराची असतात, आणि खरी अडचण तिथे आहे.

पोट छातीपेक्षा मोठं असेल, आपल्याकडे कितीतरी पुरुषांचं असतं, तर कमरेचा पट्टा पोटावर थांबतच नाही, वर सरकून बरगड्यांवर येतो आणि त्याच्याबरोबर सगळं जॅकेट वर येतं. अशांनी आखूड जॅकेट बघावं, जे पोटाच्या वरच संपतं आणि ज्याचा खालचा पट्टा बरगड्यांच्या खाली, पोट सुरू होतं तिथे आवळता येतो. त्यानेही भागत नसेल तर मांड्यांमधून घ्यायचा पट्टा मिळतो, तो लावा. दिसायला अवघड वाटतं, बसताना सुरुवातीला टोचतोही, पण पोटामुळे वर सरकणारं जॅकेट जागेवर ठेवायला त्याच्याइतकं काही कामाचं नाही. माझ्या दिरांना त्याशिवाय एकही जॅकेट धरलं नाही. फक्त त्याचं टोक लोंबकळत ठेवू नका, कशाततरी अडकतं.

छाती भरलेली असेल तर समोर एकसंध फोमची फळी असलेलं जॅकेट टाळा. ते छाती दाबतं, मग हनुवटीपाशी टोक पुढे निघतं, खाली पोटापाशी पोकळी राहते आणि त्या पोकळीतून पाणी ते वर ढकलतं. समोरचा फोम लहान लहान तुकड्यांत असावा, मध्ये शिवण असावी म्हणजे जॅकेट अंगावर वळतं. बायकांसाठी छातीला आकार दिलेली वेगळी जॅकेटं असतात, मापात मिळाली तर सोनं, पण मोठ्या मापात कमी मिळतात. नाहीच मिळालं तर बाजूला झिप असलेलं घालून बघा, समोर झिप नसल्यामुळे दाब एका रेषेत येत नाही. डोक्यातून घालायची जॅकेटं मात्र खांदे दुखणाऱ्यांना काढताना नको करतात, ओलं झालं की तर फारच.

दंड जाड असतील तर काखेपाशी बघा. तिथे कापड मोठं कापलेलं पाहिजे, नाहीतर पाचशेवेळा पॅडल मारल्यावर काख सोलते. खांद्याचे पट्टे रुंद आणि मऊ, पण फोम खांद्याच्या टोकापर्यंत आलेला नको. आणि पट्टे मोजा, दोन्ही खांद्यांवर एकेक, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि कमरेला एक तरी, म्हणजे वरचा भाग सैल आणि खालचा घट्ट असं वेगवेगळं करता येतं. एकच पट्टा आणि एकच बकल असलेलं जॅकेट सरळसोट अंगाला होतं, आपल्याला नाही.

पाठीकडे तर लक्ष द्याच. कयाकच्या सीटला पाठ टेकायला टेकू असतो. जॅकेटच्या पाठीत खालपर्यंत जाड फोम असेल तर तो टेकूवर बसतो, तुम्ही मागे रेललात की पूर्ण जॅकेट वर उचललं जातं, सतत हनुवटी वर करून बसावं लागतं आणि मग अर्ध्या तासात माणूस झिप उघडतो. कयाकसाठी बनवलेल्या जॅकेटात पाठीचा फोम वरच्या बाजूला असतो आणि खाली नुसती जाळी, म्हणजे जाळी टेकूला टेकते आणि फोम टेकूच्या वर राहतो. जाळीमुळे हवाही लागते, कोकणातल्या दमट उन्हात हा फरक फार मोठा आहे.

जॅकेट आरामाचं पाहिजे हा हट्ट मी का धरते, तर टोचणारं, गुदमरवणारं जॅकेट कुणीही दुपारपर्यंत बंद ठेवत नाही. कितीही शहाणा माणूस असो, उघडतोच.

दुकानात किंवा घरी पार्सल आलं की असं करा. सगळे पट्टे पूर्ण सैल करा, जॅकेट घाला, झिप लावा, बकलं लावा. मग आवळायचं ते खालून वर, आधी कमर, मग बाजू, शेवटी खांदे. बहुतेक लोक खांदे आधी आवळतात आणि जॅकेट तिथेच वर अडकून बसतं. आता खोल श्वास घ्या, पूर्ण घेता आला पाहिजे. मग कुणालातरी मागे उभं करून दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जोरात वर उचलायला सांगा, हळू नाही, जोरात. एक-दोन इंच सरकलं तर ठीक, नाकाकानापर्यंत आलं तर पट्टे परत आवळा, तरीही आलं तर परत करून टाका, लेबल काय म्हणतंय त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर जमिनीवर भिंतीला टेकून बसा, पाय पुढे, गुडघे थोडे वाकवलेले, हातात झाडू किंवा काठी घ्या आणि पंधरा मिनिटं पॅडल मारल्यासारखं करा. हसतील घरातले, हसू दे. दोन्ही खांद्यांवरून मागे वळून बघा. हात समोर एकमेकांवर आणा. हनुवटीला काही लागतंय का, काखेत घासतंय का, पोटाला चिमटा बसतोय का, खालचा काठ मांडीवर टेकून जॅकेट वर ढकललं जातंय का. उभं राहून मस्त बसलेली तीन जॅकेटं माझी या एका परीक्षेत नापास झाली.

पाण्यातली परीक्षा स्विमिंग पूलमध्ये किंवा ओळखीच्या उथळ जागी, सोबत कुणीतरी असताना. छातीभर पाण्यात जा, गुडघे पोटाशी घ्या, अंग सैल सोडा, हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे आणि जॅकेट गळ्याशी यायला नको. मग शक्य असेल तर कयाकवर परत चढून बघा. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाक असेल तर पोटावर आडवं चढायचं, मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये, शेवटी पाय. भारी माणसाला इथे जॅकेटचा पुढचा जाडपणा नडतो, कडेला फोम अडकतो आणि पुढचा खिसा भरलेला असेल तर अजूनच. म्हणून पातळ पसरलेला फोम आणि रिकामा, चपटा खिसा. मोठ्या अंगाचा एक फायदा असा की तेवढ्याच उचलीचा फोम जास्त जागेवर पसरला की पातळ करता येतो, चांगली कंपनी मोठ्या साइझमध्ये तसं करते, वाईट कंपनी नुसते पट्टे लांब करते आणि फोम छातीवर एका चौकोनात राहतो. असं दिसलं की समजायचं आपल्या मापाचा विचार झालेला नाही.

मिळतात कुठे. भाड्याने कयाकिंग करणार असाल, तारकर्ली असो, गोव्यात साळ नदी असो नाहीतर पुण्याजवळचं एखादं धरण, तर निघायच्या आधी फोन करा आणि थेट इंचात विचारा, "५० इंच छातीला बकल लागेल असं जॅकेट आहे का?" आहे म्हणाले तर लेबलचा फोटो मागवा. यात लाजायचं काही नाही, बुटाचा नंबर सांगतो तसंच आहे. आपल्याकडची भाड्याची जॅकेटं बहुतेक बोटीत प्रवाशांना देतात ती असतात, त्यावर आयआरएस म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या मान्यतेचा शिक्का असतो, तो बघाच. शिक्का नसलेली, आत थर्माकोलचे तुकडे कुरकुरणारी जॅकेटं हातात घेतली तरी कळतात, ती परत ठेवा. बकल लागत नसेल तर बसू नका. दुसरा पट्टा बांधून, ओढणी गुंडाळून, दोन जॅकेटं जोडून काही होत नाही, आणि घरी शिंप्याकडून पट्टा लांब करून घेऊ नका, ती शिवण ओढ सहन करेल याची कुणी तपासणी केलेली नसते.

कोलाडला कुंडलिकेत जाणार असाल तर अजून काटेकोर राहा. तिथे धरणातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, प्रवाह जोराचा, आणि पडलेल्या माणसाला गाइड खांद्याच्या पट्ट्यांना धरूनच राफ्टमध्ये ओढतो. म्हणजे वर सांगितलेली उचलायची परीक्षा तिथे खरोखर होते, सैल जॅकेट असेल तर त्याच्या हातात फक्त जॅकेट येतं.

वर्षातून तीन-चारदा जात असाल तर स्वतःचं घ्या. डिकॅथलॉनमध्ये घालून बघता येतं हा मोठा फायदा, पण सगळ्यात मोठा साइझ प्रत्येक दुकानात नसतो, आधी विचारून जा. अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर एनआरएस, कोकाटॅट, स्टोलक्विस्ट, ॲस्ट्रल, ऑनिक्स ही नावं सांगा आणि साइझमध्ये "ओव्हरसाइझ" किंवा "युनिव्हर्सल प्लस" असं बघायला सांगा, नुसतं युनिव्हर्सल नको. छातीचा आकडा इंचात कळवा आणि तक्त्याचा फोटो मागवा. फोमचं जॅकेट विमानाच्या बॅगेत आरामात येतं, गॅसच्या नळीवालं असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. रंग केशरी, पिवळा, पोपटी असा भडकच घ्या, काळ्या रंगात बारीक दिसतो म्हणून लोक काळं घेतात पण मासेमारीच्या होडीवरच्या माणसाला तुम्ही दिसायला हवेत. खांद्यापाशी शिट्टी बांधा.

घालताना आत पूर्ण बाह्यांचा पातळ पोहायचा टीशर्ट घाला, सुती नको, ओला सुती कपडा घासतो. काखेत आणि छातीखाली व्हॅसलीन लावा. पहिला अर्धा तास झाला की किनाऱ्याला लागून पट्टे परत आवळा, ओले झाले की थोडे सरकतात.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ झिपमध्ये बसलं की झिप अडकते, आणि सावलीत रुंद हँगरवर वाळवायचं. उन्हात टाकलं की कापड विटतं आणि कमजोर होतं. त्याच्यावर बसू नका, गुडघे टेकवायला घेऊ नका, फोम दबला की उचल कमी होते. फोम चिमटीत दाबून बघा, परत फुगत नसेल किंवा कडक झाला असेल तर ते जॅकेट रिटायर करा.

आणि माप दरवर्षी घ्या. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, ते उघडले की पहिल्या ट्रिपच्या आधी टेप काढायची. मी ४८ ते ५४ वालं घेतलं तेव्हा ५० होते, दोन वर्षांत ४६ वर आले आणि बाजूचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही ते उचलल्यावर कानाशी यायला लागलं. आता ते दिरांकडे आहे, त्यांची छाती ५२, मांड्यांमधला पट्टा लावून त्यांना बरोबर बसतं, आणि माझ्यासाठी मी परत जमिनीवर झाडू घेऊन बसून नवीन घेतलं.